व्यापारी भेटीचा पुष्पगुच्छ आणि फूल उत्पादक

देवपूजा, लग्नकार्य आणि स्त्रियांची वेणी हे आपल्याकडील फुलांच्या खपाचे जुने व भरवशाचे मार्ग होत. त्यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत आणखी एक मार्ग खुला झाला आहे आणि त्याची व्याप्ती खेड्यातील बागायतदाराच्या ध्यानात अद्याप पुरती आलेली नाही. नव्या दुकानाचे उद्घाटन, कराराची सही, कारखान्यास पाहुण्यांची भेट, अधिकाऱ्याची बदली वा सेवानिवृत्ती, बँकेच्या शाखेचा वर्धापनदिन अशा प्रसंगी एका व्यवसायाने दुसऱ्या व्यवसायास फुले देण्याची प्रथा आता सार्वत्रिक झाली आहे. शाल व श्रीफळ यांच्या बरोबरीने पुष्पगुच्छ हा सत्काराचा ठरलेला घटक होऊन बसला आहे. हा गुच्छ शहरातील फूलवाला बांधतो हे खरे. परंतु तो समारंभाच्या टेबलावर ताठ उभा राहणार की दुपारपर्यंत माना टाकणार, याचा निर्णय बहुतांशी शेतावर, फूल काढल्यापासून पहिल्या तासाभरातच होऊन चुकलेला असतो. म्हणून या विषयाची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व फूल उत्पादकांस असणे अगत्याचे आहे.

भेट म्हणून फुलेच का?

व्यापारातील भेटवस्तू हा नाजूक प्रकार आहे. भेट फार मोलाची असेल तर घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे येते आणि पाहणाऱ्याच्या मनात शंका उत्पन्न होते. भेट अगदीच क्षुल्लक असेल तर देणाऱ्याचा कद्रूपणा दिसतो. फुलांच्या बाबतीत ही अडचण बहुधा येत नाही. फूल चार-पाच दिवसांत कोमेजते. ते साठविता येत नाही, पुन्हा विकता येत नाही आणि घरी ठेवून त्याची मालमत्ता होत नाही. जी गोष्ट फुलाच्या व्यापारात सर्वांत मोठी उणीव म्हणून गणली जाते, तीच येथे त्याचा गुण ठरते. फुले देऊन आदर व्यक्त होतो. देणेघेणे मात्र मागे उरत नाही.

शासकीय सेवकांच्या बाबतीत तर हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी शासकीय सेवकाने भेटवस्तू स्वीकारण्यावर निर्बंध घातले आहेत. गावच्या कार्यक्रमास आलेल्या अधिकाऱ्याचे एखादे फूल देऊन स्वागत करणे ही एक गोष्ट आणि फुलांच्या करंडीत घालून दुसरेच काही देणे ही निराळी गोष्ट, हे गावकऱ्यांस समजावून सांगण्याचा प्रसंग कार्यकर्त्यांवर अधूनमधून येतो. ते स्पष्ट शब्दांत सांगण्यात संकोच बाळगू नये.

शासकीय समारंभांतील पुष्पगुच्छांवर खर्च फार होतो, अशी टीकाही झाली आहे. जुलै २०१७ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांस असे कळविले की, पंतप्रधानांच्या देशांतर्गत दौऱ्यात त्यांना पुष्पगुच्छ देऊ नये. द्यावयाचेच तर फार तर एक फूल, त्यासोबत खादीचा रुमाल अथवा पुस्तक द्यावे. ‘पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक’ ही कल्पना त्यानंतर अनेक ठिकाणी उचलली गेली. पुस्तकाशी कोणाचे वैर असण्याचे कारण नाही. तथापि ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून हरितगृह उभारले आहे त्याच्या दृष्टीने असा प्रत्येक ठराव म्हणजे मागणीतील घट होय, हेही विसरता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, मोठा व बोजड गुच्छ देण्याऐवजी एकच परंतु उत्तम प्रतीचे, लांब दांड्याचे फूल देण्याची रीत पडली तर देणारा, घेणारा आणि पिकविणारा या तिघांचेही त्यात हित आहे. कारण मोठ्या गुच्छात दुय्यम प्रतीचा माल पानांच्या आड खपून जातो. एकट्या फुलाला उत्तमच असावे लागते आणि उत्तम मालासच दर मिळतो.

मागणीचा हंगाम

जरबेराचे उदाहरण घेऊ. दहा गुंठ्यांच्या, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरच्या हरितगृहात चौरस मीटरला सहा याप्रमाणे ६,००० रोपे बसतात. व्यवस्था चांगली असल्यास वर्षाकाठी चौरस मीटरला २०० च्या आसपास फुले मिळतात. याचा अर्थ असा की, वर्षाला दोन लाख आणि दिवसाला सरासरी साडेपाचशे फुले निघतात. झाड रविवार पाळत नाही आणि पितृपक्षही पाळत नाही. मागणी मात्र हे दोन्ही पाळते. फूल उत्पादकाच्या सर्व चिंतांचे मूळ या विसंगतीत आहे.

लग्नसराईची तिथी सर्वांस ठाऊक असते. कचेऱ्या व कारखाने यांच्या मागणीचे पंचांग मात्र वेगळे आहे आणि ते थोडेसे अभ्यासल्यास लाभ होतो. आर्थिक वर्षाचा शेवट ३१ मार्च रोजी होतो. त्याच्या मागेपुढे संस्थांचे सत्कार व बैठका असतात. १ जानेवारीस कचेऱ्यांतून फुले दिली-घेतली जातात. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट हे ध्वजवंदनाचे दिवस आहेत. ५ सप्टेंबर हा शिक्षकांचा, १५ सप्टेंबर हा अभियंत्यांचा आणि १ जुलै हा डॉक्टरांचा दिवस म्हणून पाळला जातो. साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि गळीत हंगामाचा शुभारंभ होतो, तेव्हा त्या त्या तालुक्यात हारतुऱ्यांचा खप एकाएकी वाढतो.

महिन्याच्या अखेरच्या दिवसाकडेही लक्ष द्यावे. शासकीय सेवक ज्या महिन्यात वयोमर्यादा पूर्ण करतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवानिवृत्त होतो आणि त्याची जन्मतारीख महिन्याची पहिली असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होतो. आपल्याकडे एके काळी मुलाचे नाव शाळेत घालतांना नेमकी जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून अशी नोंद करून टाकीत. त्या पिढीतील कितीतरी सेवक म्हणून ३१ मे रोजी एकदमच निवृत्त होतात. निरोपसमारंभांची अशी गर्दी वर्षात दुसऱ्या कोणत्याही दिवशी क्वचितच आढळते. दुर्दैवाने मे अखेरीचा काळ फुलास सर्वांत कठीण असतो. उष्म्याने दांडे आखूड राहतात, पाकळ्या लहान होतात आणि फूल लवकर उमलते. ज्याने छायाजाळी, फवारे व वायुवीजन यांची व्यवस्था एप्रिलपासूनच नीट ठेवली असेल त्याचा माल त्या दिवसांत उठून दिसतो.

व्यापारी वर्गाच्या फुलांचा सर्वांत मोठा दिवस मात्र आजही दसराच आहे. खंडेनवमीस कारखान्यातील यंत्रांची पूजा होते, दसऱ्यास दुकानांना तोरणे लागतात, लक्ष्मीपूजनास पेढीवर वहीपूजन होते. येथे गुच्छाची फुले गौण असून झेंडू मुख्य आहे. झेंडूची रोपे तीन ते चार आठवड्यांत लावणीस येतात आणि लावणीपासून सुमारे दोन महिन्यांत फुलांचा बहर सुरू होतो. म्हणजे दसऱ्यापूर्वी साधारण तीन महिने बी पडले पाहिजे. दसरा इंग्रजी तारखेप्रमाणे स्थिर नसतो. २०२३ साली तो २४ ऑक्टोबरला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला आला. मागील वर्षाच्या तारखेवरून पेरणी करणाऱ्याचा बहर यामुळे दहा-बारा दिवस मागे पडतो आणि ते दहा-बारा दिवस म्हणजे सर्व काही. तिथी पाहून दिवस मोजावेत. आणखी एक सूचना अशी की, हा हिशेब सर्वच शेतकरी करतात, म्हणूनच दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात ढीग पडतात व भाव कोसळतो. सर्व क्षेत्र एकाच तारखेस न लावता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन टप्प्यांत लावल्यास गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतचा काळ सांधता येतो.

फूल कोणत्या अवस्थेत काढावे

बाजारात फूल उमललेले दिसावे म्हणून ते झाडावरच उमलू देणे ही नवशिक्या उत्पादकाची सर्वसाधारण समजूत आहे. गुच्छाच्या फुलास शेत, मोटार, घाऊक बाजार, फूलवाला आणि समारंभ एवढा प्रवास करावयाचा असतो. गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर ते उमलले पाहिजे.

गुलाबाची कळी बाहेरील हिरवी दले खाली वळलेली असतांना व एक-दोन पाकळ्या सुटू लागल्या असतांना कापावी. उन्हाळ्यात किंचित आधी व थंडीत किंचित उशिरा कापणे इष्ट होय. फार कोवळी कळी कापल्यास ती उमलतच नाही. तिची मान वाकते आणि अशी वाकलेली मान पुन्हा सरळ होणे अवघड असते. कार्नेशनचे फूल रंगाच्या ब्रशासारखे दिसू लागले की काढावे. निशिगंधाच्या दांड्यावरील तळाची एक-दोन फुले उमलू लागताच दांडा कापावा. ग्लॅडिओलसमध्ये सर्वांत खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखविला की पुरे. ग्लॅडिओलसचे दांडे उभेच ठेवावेत. आडवे ठेवल्यास शेंडे वर वळतात व माल वेडावाकडा होतो. शेवंतीची गोष्ट उलट आहे. ती जवळजवळ पूर्ण उमलल्यावरच काढावयाची असते, कारण अपक्व शेवंती पाण्यात नीट फुलत नाही.

जरबेराची काढणी हा स्वतंत्र शिकण्याचा भाग आहे. या फुलाच्या मध्यभागी जी तबकडी असते तीत बारीक फुलांची वर्तुळे असतात. बाहेरील दोन ते तीन वर्तुळे उमलून त्यांतील पराग दिसू लागला म्हणजे फूल तयार झाले असे समजावे. त्यापूर्वी काढलेले फूल हमखास मान टाकते. फूल चाकूने कापू नये. दांडा तळाशी धरून बाजूस किंचित पिळावा व ओढून घ्यावा, म्हणजे तो गड्ड्यापासून स्वच्छ निघतो. कापल्यास उरलेला खुंट कुजतो व रोग गड्ड्यात शिरतो. काढल्यानंतर मात्र दांड्याच्या बुंध्याचा दोन ते तीन सेंटिमीटर भाग कापून टाकलाच पाहिजे. हा भाग कठीण असून त्यातून पाणी वर चढत नाही. इतकी लहानशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी केली जात नाही आणि मग वाण वाईट निघाला म्हणून रोपे पुरविणाऱ्यास दोष दिला जातो.

पाणी, उष्णता आणि धूर

कापलेले फूल जिवंत असते. ते श्वास घेते, पाणी पिते आणि साठविलेली साखर खर्च करते. मुळाचा आधार तुटल्यामुळे त्याच्याजवळ मर्यादित शिदोरी उरते. ही शिदोरी लवकर संपविणारी कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण उष्णता. तपमान जसे वाढते तसा श्वसनाचा वेग कित्येक पटींनी वाढतो. म्हणून काढणी पहाटे किंवा सायंकाळी करावी आणि फुले त्वरित सावलीत न्यावीत. गुलाब व कार्नेशन २ ते ४ अंश सेल्सिअस तपमानाच्या शीतगृहात ठेवता येतात. अँथुरियम व ऑर्किड ही उष्ण प्रदेशातील फुले होत. त्यांना गुलाबाच्या शीतगृहात ठेवल्यास थंडीची इजा होऊन ती काळवंडतात. ज्यांच्याजवळ शीतगृह नाही त्यांनी निदान ओल्या गोणपाटाच्या भिंतींची व हवा खेळती असणारी खोली करावी. विटा व वाळूची शून्य ऊर्जा शीतपेटी भाजीसाठी पुष्कळांनी बांधली आहे. तीतही थोडा माल काही तास सुस्थितीत राहतो.

दुसरे कारण दांड्यातील नळ्या बंद होणे. दांडा कापताच नळीत हवा शिरते व पाण्याचा धागा तुटतो. यास्तव फूल काढल्यावर लगेच स्वच्छ पाण्याच्या बादलीत उभे करावे आणि दांड्याचे टोक पाण्याखाली धरून पुन्हा दोन सेंटिमीटर तिरपे कापावे. याहून मोठा शत्रू म्हणजे जिवाणू. कालच्या बादलीत आजचे पाणी ओतले की बादलीच्या बुळबुळीत थरातील जिवाणू दांड्यात जाऊन नळी चोंदवितात. बादल्या रोज घासून धुवाव्यात. जरबेरासाठी पाण्यात ५ टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट दर लिटरास १ मिलिलिटर या प्रमाणात मिसळावे. जरबेराच्या लोमश दांड्यास खोल पाणी मानवत नाही. बादलीत चार-पाच बोटे पाणी पुरे होते. गुलाबासाठी दर लिटर पाण्यात २० ग्रॅम साखर व सुमारे ०.३ ग्रॅम सायट्रिक आम्ल घातलेले द्रावण उपयोगी पडते. आम्ल न घालता नुसती साखर घालणे मात्र टाळावे, कारण त्या साखरेवर फुलाआधी जिवाणूच पोसले जातात.

तिसरे कारण पुष्कळांस ठाऊक नसते. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. मोटारीच्या धुरातही तो असतो. या वायूच्या अल्पशा अंशाने कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटून फूल निद्रिस्त झाल्यासारखे दिसते. जिप्सोफिलाचीही तीच गत होते. खेड्यातून शहराकडे जाणाऱ्या एकाच टेम्पोत आंब्याच्या किंवा केळ्यांच्या पेट्यांशेजारी फुलांची खोकी रचली जातात. भाडे वाचते हे खरे, पण फुले वाचत नाहीत. वाहन एकत्रच करावयाचे असल्यास भाजीपाल्याबरोबर करावे आणि त्यातही पिकलेले टोमॅटो वगळावेत.

प्रतवारीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, गुलाबाची प्रत दांड्याच्या लांबीवरून ठरते आणि २० फुलांची जुडी बांधतात. जरबेराची जुडी १० फुलांची असते व प्रत्येक फुलास पातळ पिशवी चढवितात. एका जुडीत एकच लांबी, एकच रंग व एकच अवस्था असावी. वर चांगली व मध्ये हलकी फुले घालणारा उत्पादक एका दिवसाचा फायदा मिळवितो. गुच्छ बांधणारा मात्र जुडी सोडून प्रत्येक फूल हाताळतो आणि त्यास कोणाच्या खोक्यात काय होते ते वर्षभर स्मरते.

रंग, वास आणि परदेशी पाहुणे

कचेरीच्या गुच्छासाठी कोणते रंग चालतात, हे लागवडीपूर्वीच विचारून घ्यावे. लाल गुलाबाची सर्वाधिक मागणी १४ फेब्रुवारीच्या सुमारास असते आणि ती प्रेमिकांची असते. व्यापारी भेटीत पिवळा, नारिंगी, गुलाबी व पांढरा या रंगांचे मिश्रण अधिक पसंत केले जाते. केवळ पांढऱ्या फुलांचा गुच्छ आपल्याकडे शोकप्रसंगी नेतात, म्हणून आनंदाच्या समारंभास तो सहसा देत नाहीत. निशिगंधाचा सुवास घरात व मंडपात हवाहवासा वाटतो. बंद, वातानुकूलित खोलीत तो काहींस सोसत नाही. गुच्छातील गुलाबाचे काटे व तळची पाने काढलेली असावीत. मात्र काटे काढतांना साल खरवडू नये, कारण त्या जखमांतूनही जिवाणू शिरतात.

चाकण, तळेगाव, रांजणगाव व सुपे येथील औद्योगिक क्षेत्रांत जर्मन, जपानी व कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. तेथे जाणाऱ्या गुच्छांना त्या त्या देशांच्या चालीरीतींची बंधने असतात. मावळ व खेड तालुक्यांतील उत्पादकांनी ती जाणून घेतल्यास फूलवाल्याच्या चमत्कारिक वाटणाऱ्या मागण्यांचा उलगडा होईल. जपानमध्ये पांढरी शेवंती अंत्यविधीची मानतात. तेथे चार या अंकाचा उच्चार मृत्यू या अर्थाच्या शब्दासारखा व नऊ या अंकाचा उच्चार दुःख या अर्थाच्या शब्दासारखा होत असल्याने तेवढ्या फुलांचा गुच्छ देत नाहीत. रुग्णास कुंडीतील रोप नेत नाहीत, कारण मुळे धरलेले रोप म्हणजे मूळ धरलेला आजार अशी त्यांची समजूत आहे. उलट नवी कचेरी वा दुकान उघडले म्हणजे फॅलेनॉप्सिस जातीच्या पांढऱ्या ऑर्किडची कुंडी पाठविणे हा तेथील व्यापारातला शिष्टाचारच आहे. कोरियात उद्घाटनास माणसाएवढ्या उंचीचे, पाठविणाऱ्याचे नाव लिहिलेल्या फिती लावलेले पुष्पमनोरे दाराशी उभे करतात. जर्मनीत लाल गुलाब प्रेमाचे द्योतक असल्याने व्यवसायात देत नाहीत आणि फुले देण्यापूर्वी वरचा कागद काढून टाकतात. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास थडग्यांवर शेवंती वाहतात, त्यामुळे यजमानास शेवंती नेणे तेथे अनुचित ठरते. रशियात सम संख्येची फुले केवळ अंत्यविधीसाठी असतात. आपल्याकडे एक रुपया वर ठेवून आहेर विषम करतात, त्याच्याशी ही रीत ताडून पाहण्यासारखी आहे.

ज्या शेतकऱ्याची शेवंती अशा कारखान्याच्या गुच्छातून नाकारली गेली त्याने आपल्या मालात दोष आहे असे मानू नये. तीच शेवंती पुण्याच्या गुलटेकडी बाजारात वा दादरच्या फूल मंडईत गणेशोत्सवात चांगल्या भावाने जाते. माल व प्रसंग यांची सांगड चुकली, एवढाच त्याचा अर्थ.

कृत्रिम फुलांची स्पर्धा

प्लॅस्टिक व कापडाच्या फुलांनी सजावटीचा मोठा भाग व्यापला आहे. त्यांवर बंदी घालावी अशी मागणी फूल उत्पादकांनी शासनाकडे केली आहे व न्यायालयातही हा प्रश्न नेला आहे. त्या मागणीचे समर्थन करतांनाच एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. मंडपाची कमान व दिवाणखान्याची फुलदाणी कृत्रिम फुलांनी घेतली असली, तरी हातात द्यावयाचा गुच्छ त्यांना अजून घेता आलेला नाही. पाहुण्यास प्लॅस्टिकचे फूल देण्यास आजही लोक लाजतात. हा गड ताज्या फुलांचा आहे. तो राखावयाचा असेल तर ताजे फूल खरोखरीच ताजे असले पाहिजे. गुच्छाभोवती गुंडाळलेल्या चकचकीत प्लॅस्टिककडेही येथे बोट दाखविले पाहिजे. नैसर्गिक फुलांची थोरवी सांगावयाची आणि ती प्लॅस्टिकमध्ये बांधून द्यावयाची, ही विसंगती गिऱ्हाइकाच्या नजरेतून सुटत नाही. जाड कागद, ज्यूटचे कापड, केळीचे सोपट यांचा वापर वाढविण्याबाबत उत्पादकांनी गुच्छ बांधणाऱ्यांशी बोलणे करावे.

विक्री आणि हिशेब

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा मंदिरे, मंगल कार्यालये आणि कचेऱ्या एकाच वेळी बंद पडल्या आणि उत्पादकांस फुले तोडून खड्ड्यात टाकावी लागली. असा प्रसंग पुन्हा न येवो. परंतु सर्व माल एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर सोपविणे किती धोक्याचे असते ते त्या वेळी दिसून आले. हरितगृहधारकाने काही माल घाऊक बाजारात, काही माल जवळच्या गुच्छकारांस वर्षभराच्या ठरावाने आणि काही माल सजावटकारांस, अशी विभागणी करावी. ठरावाचा दर बाजाराच्या चढत्या दिवसांत कमी वाटेल व पडत्या दिवसांत जास्त. चढत्या दिवसांच्या मोहाने ठराव मोडणाऱ्याकडे पडत्या दिवसांत कोणी फिरकत नाही.

तालुक्याच्या गावीही आता गुच्छ बांधणारे झाले आहेत. त्यांना फुलांइतकीच हिरव्या पानांची गरज असते व ती पुष्कळदा दूरच्या शहरांतून आणावी लागतात. अरेका पाम, ड्रेसिना, कामिनी, शतावरीवर्गीय शोभेची पाने ही विहिरीच्या कडेला, आंब्याच्या सावलीत वा छायाजाळीखाली थोड्या जागेत होतात आणि फुलांइतकी नाजूक नसतात. बचत गटातील भगिनींस हा उद्योग करण्याजोगा आहे. शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक जेव्हा खरेदीदारास किंवा बँकेच्या व्यवस्थापकास भेटावयास जातात तेव्हा स्टेशनाजवळून आयता गुच्छ विकत घेतात असे पाहण्यात येते. आपल्याच सभासदाच्या शेतातील दहा फुलांची एक जुडी, साध्या कागदात बांधून नेली तर ती भेटही होते आणि मालाचा नमुनाही होतो.

काढणीपश्चात प्रक्रियेचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत प्रशिक्षणाची सोय आहे. वाण व लागवड यांविषयी पुणे येथील पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय व महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे गणेशखिंड येथील केंद्र यांच्याकडे विचारणा करता येते. गणेशखिंड येथे निघालेले ‘फुले गणेश’ मालिकेतील ॲस्टरचे पांढरे, गुलाबी व जांभळे वाण लहान गुच्छांसाठी उत्तम असून त्यांस हरितगृहाचा खर्च लागत नाही. ज्याला या धंद्यात थोडक्या भांडवलाने शिरावयाचे आहे त्याने जरबेरापूर्वी ॲस्टर व निशिगंध करून पाहावा.

उधारी हा या व्यवसायातील जुना रोग आहे. कचेरीचे देयक मंजूर होण्यास महिना-दोन महिने लागतात, म्हणून फूलवाला उत्पादकास थांबावयास सांगतो आणि थांबता थांबता फूल कधीच कोमेजून गेलेले असल्यामुळे ते परत मागण्याचीही सोय नसते. याकरिता प्रत्येक खेपेस दिनांक, जुड्यांची संख्या, प्रत व ठरलेला दर यांची नोंद दुहेरी पुस्तकात करावी, माल पोचताच घेणाऱ्याची सही घ्यावी आणि पंधरवड्याची बाकी चुकती झाल्याखेरीज पुढील पंधरवड्याचा माल रवाना करू नये.